मार्कोनीचे न लागलेले कुलूप

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली हे तालुक्याचे गाव. आलापल्लीहून सागवानाच्या जंगलातून रस्ता तेथे जातो आणि त्यापुढे छत्तीसगडच्या सीमेपर्यंत जंगलाची सोबत सुटत नाही. एके काळी या मुलखात बाहेरच्या जगाशी बोलण्याचे खात्रीचे साधन म्हणजे पोलीस ठाण्यातला बिनतारी संच. पुढे मोबाइलचे मनोरे आले. जिल्ह्यात नक्षलवाद्यांनी त्यांतले काही जाळले, ते पुन्हा उभे राहिले. आता फळीवर दिवे लुकलुकणारी राऊटरची पेटी अशा गावांतल्या घरांतही शिरली आहे.

त्या पेटीतून निघणाऱ्या लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. मुंबई-पुण्याच्या इमारतीत लोखंडी सळ्यांचे काँक्रीट त्यांना बरेच अडवते. कुडाची भिंत आणि कवेलूंचे छप्पर मात्र त्यांना जवळजवळ मोकळी वाट करून देते. अंगणात, रस्त्यावर, शेजारच्या ओसरीवर त्या पोहोचतातच. मग त्या कोणाच्या? त्यांवरून कोण काय पाठवतो, याची जबाबदारी कोणावर? प्रश्न आजचा वाटतो, पण तो सर्वांत आधी ज्याच्यापुढे उभा राहिला, आणि ज्याने त्याचे उत्तर आयुष्यभर चुकीच्या दिशेला शोधले, तो माणूस १९३७ मध्येच मरण पावला. त्याचे नाव गुल्येल्मो मार्कोनी. बिनतारी संदेशाचा जनक ही त्याची शालेय पुस्तकांतली ओळख. हवेला कुलूप लावू पाहणारा पहिला माणूस, ही दुसरी ओळख सहसा कोणी करून देत नाही.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जुसेप्पे सधन जमीनदार. आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील व्हिस्कीच्या प्रसिद्ध घराण्यातली. मुलाने रीतसर विद्यापीठीय शिक्षण कधीच घेतले नाही. लिव्होर्नो येथे व्हिन्सेन्झो रोझा या शिक्षकाने त्याला विजेची गोडी लावली आणि बोलोन्याचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आउगुस्तो रिघी यांच्या प्रयोगशाळेत त्याला ये-जा करता आली. १८९४ मध्ये हाइनरिश हर्ट्झ वारले. हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या, पण त्यांचा व्यवहारात काही उपयोग होईल असे त्यांना वाटले नव्हते. विशीतल्या मार्कोनीला त्यांच्या कार्याविषयी वाचून नेमके तेच वाटले: तारेवाचून तार पाठवता येईल.

पोन्तेक्किओ येथील व्हिला ग्रिफोने या घराच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. यंत्रातला जवळजवळ प्रत्येक सुटा भाग दुसऱ्या कोणाचा तरी होता. ठिणगी पाडण्याची युक्ती रिघींची, धातूचा कीस भरलेली लहरग्राहक नळी फ्रान्सच्या ब्रान्लींची आणि इंग्लंडच्या लॉजची. मार्कोनीने प्रेषक व ग्राहक दोहोंना उंच तार आणि जमिनीत पुरलेला पत्रा जोडला, आणि अंतर एकदम वाढले. १८९५ मध्ये संदेश टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर पोहोचला. पलीकडे थांबलेल्या थोरल्या भावाने, अल्फोन्सोने, बंदुकीचा बार काढून त्याची खूण दिली, अशी हकिकत सांगतात.

त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी याहून कितीतरी लहान लांबीच्या लहरी भिंतीआड पाठवून दाखवल्या होत्या. बोस यांना लहरींच्या स्वभावाचे कुतूहल होते, पैशाचे नव्हते. मार्कोनीला दोन्हींचे होते. या फरकाकडे आपल्याकडे केवळ अन्यायाची गोष्ट म्हणून पाहिले जाते. ते पुरेसे नाही. विज्ञान सर्वांसाठी उघडे असावे असे बोस मानत, तर मार्कोनीच्या दृष्टीने शोध ही कुंपण घालण्याची जमीन होती. पुढचे सगळे त्यातून आले.

१८९६ च्या आरंभी आईला सोबत घेऊन तो लंडनला गेला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. त्याच वर्षी जूनमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि जुलै १८९७ मध्ये आईकडच्या नातलगांच्या मदतीने कंपनी उभी केली. वय होते तेवीस. १८९७ मध्ये ब्रिस्टलची खाडी, १८९९ मध्ये इंग्लिश खाडी अशी त्याच्या लहरींनी पाण्याची एकेक पट्टी ओलांडली.

पण गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न अवघड विचारी. तारायंत्राची तार निदान खांबावरून जाते, ती चोरून ऐकायची तर खांबावर चढावे लागते. हा संदेश तर चहूकडे पसरतो. मग आरमाराने, बँकेने, वर्तमानपत्राने तो विश्वासाने पाठवायचा कसा? शिवाय दोन केंद्रे एकाच वेळी सुरू झाली की त्यांचे संदेश एकमेकांत मिसळत.

यावर मार्कोनीचे उत्तर होते सुसंवाद, म्हणजे ट्यूनिंग. प्रेषक आणि ग्राहक एकाच लहरलांबीला जुळवले की त्यांचे बोलणे त्या दोघांपुरते राहील, असा त्याचा दावा. एप्रिल १९०० मध्ये त्याने त्याचे पेटंट मागितले. ७७७७ हा त्याचा क्रमांक बिनतारी विद्येच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अभियांत्रिकी म्हणून ही कल्पना मोठीच होती. आज आपण रेडिओवर एक केंद्र सोडून दुसरे लावतो ते याच तत्त्वावर. पण मार्कोनीने ती विकली कुलूप म्हणून. आपले यंत्र आपल्याच स्वरात बोलते, ते दुसऱ्याला ऐकू जाणार नाही, असे तो जाहीरपणे सांगू लागला. वस्तुतः स्वर जुळवणे हे दार ओळखण्याचे साधन आहे, दार बंद करण्याचे नव्हे. तोच स्वर तिसऱ्यानेही जुळवला तर त्याला अडवणार कोण?

१२ डिसेंबर १९०१ रोजी कॅनडालगतच्या न्यूफाउंडलंड बेटावर, सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर, वादळी वाऱ्यात पतंगाला बांधलेल्या तारेतून मार्कोनीला एस या अक्षराचे तीन कट्ट ऐकू आले. ते इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधील पोल्डू येथून, तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरून आले होते. खरोखर ऐकू आले की वातावरणातली खरखर होती, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. त्या वेळी वापरलेल्या ग्राहकाचे मूळ बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या पारायुक्त शोधकात आहे, असे मत १९९८ मध्ये संशोधकांपुढे आले. पण जगाने त्या दिवशी मार्कोनीवर विश्वास ठेवला, आणि समुद्राखालच्या तारांवर कोट्यवधी पौंड गुंतवलेल्या कंपन्या खडबडून जाग्या झाल्या.

त्यांपैकी ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीचे मोठे केंद्र कॉर्नवॉलमध्येच, पोर्थकर्नो येथे होते. हिंदुस्थानशी ब्रिटनचा तारेचा संबंध येथूनच जुळे. कंपनीने नेव्हिल मॅस्केलाइन या माणसाला हाताशी धरले. तो व्यवसायाने जादूगार, लंडनच्या प्रसिद्ध जादूगार घराण्यातला, आणि छंदाने बिनतारी विद्येचा जाणकार. मार्कोनीच्या पेटंटांच्या कुंपणामुळे आपल्याला या क्षेत्रात पाऊल टाकता येत नाही, याचा त्याच्या मनात राग होता. त्याने पोर्थकर्नोजवळ एक उंच खांब उभारला आणि कान लावला. पोल्डूचे संदेश त्याच्या यंत्रावर स्वच्छ उतरू लागले. फार मोठी अक्कल लागली नाही, हेच त्यातले विशेष. १९०२ च्या अखेरीस त्याने ही हकिकत एका विद्युतविषयक नियतकालिकात छापून टाकली.

मार्कोनीने ते मनावर घेतले नाही. कोणीतरी चोरून ऐकतो एवढ्याने त्याच्या दाव्याला जाहीर धक्का बसत नव्हता. ऐकणारा दिसत नसतो. मॅस्केलाइनला दिसेल असे काही करायचे होते.

४ जून १९०३. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे सभागृह. मार्कोनी कंपनीचे सल्लागार प्राध्यापक ॲम्ब्रोज फ्लेमिंग बिनतारी संदेशावर व्याख्यान देत होते. पुढे ज्याच्यावर रेडिओची इमारत उभी राहिली त्या निर्वात झडपेचे जनक ते हेच. व्याख्यानाच्या शेवटी पोल्डूहून खुद्द मार्कोनी संदेश पाठवणार आणि तो श्रोत्यांसमोर कागदी पट्टीवर उमटणार, असा बेत होता. फ्लेमिंग बोलत असतानाच त्यांचे मदतनीस आर्थर ब्लॉक यांच्या कानांवर सभागृहातल्या दिव्यातून एक लयबद्ध टकटक पडली. सामान्य श्रोत्याला ती दिव्याचीच कुरकुर वाटली असती. ब्लॉक यांना मोर्सची कडकट्ट लिपी येत होती. कोणीतरी एकच चेष्टेचा शब्द पुनःपुन्हा पाठवत होते. पाठोपाठ यंत्राच्या पट्टीवरही तो उमटू लागला, आणि मग एक तरुण इटालियन जनतेला कसा बनवतो आहे यावर एक टिंगलीचे कवन. मार्कोनीचा खरा संदेश येण्याच्या थोडेसे आधी हे थांबले. फ्लेमिंग वयाने मोठे, त्यांना थोडे कमी ऐकू येई. ते बोलतच राहिले. ब्लॉक यांनी पट्टी गुंडाळली आणि बहुतेक सभा काहीही न कळता घरी गेली.

मॅस्केलाइनने आपले छोटे प्रेषक यंत्र जवळच, घरच्या जादूच्या नाट्यगृहात मांडले होते. त्याने काहीही जुळवले नव्हते. फक्त जवळून, जोरात ठिणग्या पाडल्या होत्या. जगापासून सुरक्षित म्हणून मिरवलेल्या यंत्राने त्या निमूट लिहून घेतल्या.

प्रकरण तेथेच झाकून गेले असते. पण फ्लेमिंग यांना राग आवरला नाही. त्यांनी लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्राला पत्र लिहून या गुंडगिरीचा निषेध केला आणि गुन्हेगार शोधण्यास वाचकांची मदत मागितली. मॅस्केलाइनने लगेच त्याच पत्रात स्वतःचे नाव जाहीर केले. लोकांना सुरक्षिततेची जी हमी दिली जाते ती खरी आहे का, हे तपासणे हा जनतेचा हक्क आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याला पैसे कोणाकडून मिळत होते हे पाहता या युक्तिवादाला थोडा वास येतो, हे खरे. पण वास येणाऱ्या हातांनी दाखवलेले छिद्र छिद्रच असते. आज संगणकक्षेत्रात कंपन्या स्वतःच्या यंत्रणेतील दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे देतात. मॅस्केलाइनला १९०३ मध्ये शिव्या मिळाल्या.

मार्कोनीने त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी गमावल्या, आणि घरच्या वाय-फायच्या बाबतीतही त्या वेगवेगळ्याच मोजाव्या लागतात. पोर्थकर्नोचा प्रकार चोरून ऐकण्याचा, लंडनचा दुसऱ्याच्या यंत्रात आपला शब्द घुसवण्याचा. पहिल्यात तुमचे गुपित जाते. दुसऱ्यात तुमच्या नावावर दुसऱ्याचे बोलणे खपते, आणि तो धोका जास्त वाईट असू शकतो.

आपल्या राज्याने तो पाहिला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तो नवी मुंबईत, सानपाड्यातील एका अमेरिकी रहिवाशाच्या घरापर्यंत. त्याच्या घरच्या वाय-फायला कुलूप नव्हते. कोणीतरी इमारतीच्या परिसरातून ते वापरून ई-मेल पाठवला होता. त्या गृहस्थाची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. कटाशी त्याचा संबंध आढळला नाही. पुढच्या दोन महिन्यांत असेच ई-मेल मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरमधील एका कंपनीच्या जाळ्यातून गेले. २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांतून हिंडून उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम काढली. मॅस्केलाइनचा खांब आता पोलिसांच्या गाडीत आला होता.

सानपाड्याच्या त्या रहिवाशापाशी वकील होता, भाषा होती, परदेशी वकिलात होती. एटापल्लीसारख्या ठिकाणी असा माग एखाद्या घरापर्यंत आला तर? दोन्ही बाजूंच्या बंदुकांच्या सावलीत वर्षानुवर्षे राहिलेला हा मुलूख. येथे माडिया बोलणाऱ्या माणसाला आपला राऊटर कोणी वापरला हे मराठीत किंवा इंग्रजीत पटवून द्यायचे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी. शहरात जो गैरसोयीचा विषय आहे तो येथे अब्रूचा आणि कदाचित त्याहून मोठा होतो.

अपमानातून मार्कोनी काय शिकला? संदेशालाच कुलूप लावावे, म्हणजे तो सांकेतिक लिपीत पाठवावा, हा मार्ग त्याला ठाऊक होता. व्यापारी आणि सरकारे तारेवरही संकेतकोश वापरतच असत. पण त्याच्या कंपनीने भर दिला तो वेगळ्याच तटबंदीवर. जहाजांवर कंपनी यंत्र विकत नसे, भाड्याने देई. चालवणारा माणूसही कंपनीचा. आणि मार्कोनी यंत्राने दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी, संकटाची वेळ वगळता, बोलायचे नाही असा नियम. जर्मनी त्यावर संतापला. १९०३ मध्ये आणि नंतर १९०६ मध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या, आणि किनाऱ्यावरील केंद्रांनी सर्व जहाजांशी बोलले पाहिजे असे ठरले. परक्याला आत येऊ न देणे आणि परक्याशी बोलण्यासच नकार देणे या दोन गोष्टी मार्कोनी कंपनीने एकच मानल्या होत्या.

१९०९ मध्ये त्याला जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. १९१२ हे वर्ष तीन घटनांचे. एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाली. तिच्यावरचे दोन्ही बिनतारी कर्मचारी मार्कोनी कंपनीचे होते. त्यांपैकी जॅक फिलिप्स बुडाला, हॅरल्ड ब्राइड वाचला. त्यांची हाक कार्पेथिया जहाजाने ऐकली म्हणून सातशेहून अधिक माणसे जगली. चहूकडे पसरणे हा ज्या लहरीचा दोष म्हणून वर्षानुवर्षे झाकला गेला, त्या रात्री तोच तिचा गुण ठरला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कंपनीच्या शेअर्सवरून मोठे प्रकरण उठले. अमेरिकेतील भगिनी कंपनीचे शेअर्स घेतलेल्या मंत्र्यांत रूफस आयझॅक्स होते, आणि त्यांचा भाऊ मार्कोनी कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक होता. हे आयझॅक्स म्हणजेच १९२१ ते १९२६ या काळातले आपले व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग. आणि त्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

पहिल्या महायुद्धाने ट्यूनिंगच्या कुलपाचा उरलासुरला भ्रम संपवला. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या. जर्मनीला बिनतारीवर विसंबावे लागले, आणि ब्रिटिश आरमाराच्या एका खोलीत बसलेली माणसे ते संदेश टिपून त्यांची सांकेतिक लिपी फोडू लागली. लहर कोण ऐकतो हा प्रश्नच उरला नाही. सगळेच ऐकत होते. प्रश्न एवढाच, की ऐकून कोणाला कळते.

युद्धानंतर मार्कोनी पुन्हा तरुण झाल्यासारखा कामाला लागला. १९१९ मध्ये त्याने एक जहाज घेऊन त्याला एलेत्रा असे नाव दिले आणि त्यावरच प्रयोगशाळा थाटली. आखूड लहरी आरशासारख्या मांडलेल्या तारांनी एकाच दिशेला झोताप्रमाणे सोडता येतात, हे त्याने आणि त्याचा सहकारी फ्रँकलिन याने सिद्ध केले. कमी विजेत, थोड्या खर्चात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. या बीम पद्धतीचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रिटन यांच्यात जी बीम सेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला होते आणि ग्राहक केंद्र दौंडला. विलायतेचा संदेश दौंडच्या माळावर उतरे आणि तेथून मुंबईला जाई. झोत एका दिशेला जात असल्याने तो पूर्वीच्या मानाने कमी जणांना ऐकू येई, हे खरे. पण वाटेवर बसलेल्याला तो ऐकू येणारच होता.

ही सेवा चालवणारी कंपनी पुढे १९४७ मध्ये सरकारने घेतली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. १९८६ मध्ये तीच विदेश संचार निगम झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य भारतीयाला पहिल्यांदा इंटरनेट विकले ते याच निगमने.

शेवटच्या वर्षांतला मार्कोनी आवडण्यासारखा नाही. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला. मुसोलिनीने १९३० मध्ये त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष केले. त्या अकादमीत ज्यू विद्वानांना प्रवेश मिळू नये म्हणून याद्यांवर त्यांच्या नावांपुढे खूण केली जात असे, आणि त्यात त्याचा हात होता, हे कागदपत्रांवरून २००२ च्या सुमारास उजेडात आले. इटलीत वंशभेदाचे कायदे येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. मुद्दा निव्वळ शास्त्रज्ञाच्या चारित्र्याचा म्हणून सोडून देता येईल. पण कुंपणे घालण्याची हौस कोठपर्यंत जाऊ शकते, हेही त्यात दिसते.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने तो गेला. अनेक देशांतील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या ट्यूनिंगच्या तेथील पेटंटातले महत्त्वाचे दावे रद्द केले. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचे काम आधीचे असल्याचे कोर्टाने मान्य केले. ज्याला तो कुलूप म्हणत होता ते त्याचे एकट्याचेही नव्हते.

वाय-फायचे मानक १९९७ मध्ये आले, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्या कर्त्यांनीही पहिले कुलूप कच्चेच बसवले. वेप नावाची ती सांकेतिक पद्धत २००१ मध्ये संशोधकांनी फोडून दाखवली. २००४ मधील डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मधील डब्ल्यूपीए-३ या तिच्या सुधारलेल्या वारसदार. राऊटरमध्ये यांपैकी एक निवडलेली असली पाहिजे. जुनी वेप दिसली, तर ते राऊटर मॅस्केलाइनसाठी उघडेच आहे असे समजावे.

पुष्कळ घरांत याऐवजी मार्कोनीचेच उपाय केलेले आढळतात. जाळ्याचे नाव लपवायचे, म्हणजे ते कोणाला दिसणार नाही. किंवा ठरावीक यंत्रांचेच क्रमांक आत घ्यायचे. ही दोन्ही ट्यूनिंगची भावंडे. लपवलेले नाव फोन जोडला जाताना हवेतच उच्चारले जाते, आणि यंत्राचा क्रमांक ऐकून त्याची नक्कल करता येते. यांनी चुकून येणारा शेजारी थांबतो, मुद्दाम येणारा नाही.

पासवर्डचे तसेच. आपल्याकडे फार घरांत तो घरच्या कर्त्याचा मोबाइल क्रमांक असतो. घुसखोर दारात उभा राहून एकेक आकडा लावून पाहत नाही. तुमचा फोन जाळ्याला जोडला जातानाची देवाणघेवाण तो एकदा टिपून नेतो आणि मग घरी बसून संगणकाला लाखो अंदाज करायला लावतो. दहा आकडे, त्यातही पहिला सहा ते नऊ यांपैकीच. हे काम फार वेळ घेत नाही. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी किंवा माडिया शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते घरच्यांना सहज लक्षात राहतात आणि यंत्राला पेलत नाहीत. राऊटरच्या आतल्या नियंत्रण-पानालाही वेगळा पासवर्ड असतो. तो बहुधा कारखान्यातून आलेलाच राहिलेला असतो आणि पेटीच्या तळाशी छापलेला असतो. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी, कारण तिच्या आठ आकडी संकेतातले छिद्र २०११ पासून जगजाहीर आहे. आणि कंपनी राऊटरच्या आज्ञावलीची सुधारित आवृत्ती देते ती घ्यावी. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येही दोष सापडला होता आणि तो अशा सुधारणेनेच बुजला.

राहता राहिला शेजारी. ज्या गावात जोडणी मोजक्याच घरांत आहे, तेथे मुलीचा परीक्षेचा अर्ज भरायला, रेशनकार्डाचे काम करायला कोणी आले तर नाही म्हणणे बरे दिसत नाही, आणि म्हणूही नये. बहुतेक राऊटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे उघडता येते. त्याचा पासवर्ड वेगळा ठेवावा, महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा. पाहुण्याला घरातल्या संगणकातले काही दिसत नाही. तो पाठवेल त्या गोष्टी मात्र बाहेरच्या जगाला तुमच्याच घरातून गेलेल्या दिसतात, तेव्हा पासवर्ड कोणाकोणाला दिला आहे हे लक्षात असावे. राऊटरच्या पानावर या घडीला कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत याची यादी असते. आठवड्यातून एकदा तिच्यावर नजर टाकली आणि त्यात अनोळखी नाव दिसले, तर आधी पासवर्ड बदलावा, चौकशी मग करावी.